तीन ठोक्यांचा खिळा

साडेसातची मालिका लागली की चित्र जायचं. रोज गेलं असतं तर टीव्ही परत करून मोकळा झालो असतो. पण रोज जायचं नाही, हाच ताप. एक दिवस धड, एक दिवस नाही. पडदा निळा व्हायचा, 'सिग्नल नाही' अशी अक्षरं यायची, मिनिटभराने चित्र परत, की पुन्हा निळं. मी चौथी शिकलेला माणूस. पण ते दोन शब्द मला झोपेतही दिसायला लागले.

टीव्ही मुलीने आणला. ती वाकडला असते, कॉम्प्युटरवर काम करते. तिची आई जाऊन महिना झाला तेव्हा जुना डबा काढून नेला आणि हा भिंतीवर लावला. जुना अडला की आमची ही त्याच्या डोक्यावर एक चापट द्यायची, की चित्र हजर. माझ्या बाबतीतही तिची तीच रीत होती, फक्त चापट तोंडाची असायची. हा नवा इतका पातळ, की मारायचं कुठे?

म्हातारा टीव्हीसाठी एवढा का तडफडतो, असं कोणालाही वाटेल. तर सांगतो. मी तांबट. पन्नास वर्षं कसब्यात बंब आणि घागरी ठोकल्या. त्यात कान गेले. मालिका बघताना ही शेजारी बसायची आणि मला ओरडून सांगायची, "आता सासू खोटं बोलतेय." "ही रडतेय ना, सगळी नाटकं." आता सांगणारं कोणी नाही. मी नुसती तोंडं बघून अंदाज बांधतो. चित्र गेलं की माझ्यापाशी काहीच उरत नाही. मग साडेसात ते नऊ घरात बसवत नाही. चपला घालायच्या, गणपतीच्या देवळापर्यंत जायचं, परत यायचं, टीव्ही लावून बघायचा, पुन्हा चपला.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन एकदा म्हणाला, "काका, किती फेऱ्या?"

"तू मोज," म्हटलं. "तुला तरी काय काम आहे?"

मुलगी फोनवर ओरडून म्हणायची, "बाबा, बंद करून परत चालू करा." पाच-सहा वेळा तेच सांगून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडेच या. संध्याकाळी तुम्ही असे रस्त्यावर फिरता, माझं कामात लक्ष लागत नाही." म्हणजे टीव्ही सुधारला नाही तर माझी रवानगी तिच्या बाराव्या मजल्यावर. मला हे घर सोडायचं नव्हतं. हिचे डबे अजून ओट्यावर हिने लावलेत तसेच होते.

कंपनीचा माणूस आला तो सकाळी अकराला. चित्र लख्ख. त्याने बटणं दाबली, हात झटकले. "टीव्ही ठणठणीत आहे. केबलवाल्याला विचारा." केबलवालाही सकाळीच आला. अर्ध्या मिश्या पिकलेला, शहाणा दिसणारा. म्हणाला, "लाइन चोख आहे, काका. टीव्ही बघा कंपनीचा." दोघंही माझ्याकडे असं बघून गेले, की बायको गेल्यापासून याचंच चित्र जातंय.

माझी बहीण आली तेव्हा मात्र संध्याकाळ होती. तिच्यासमोर तीनदा चित्र गेलं. तिने पदर सावरला, वर हिच्या फोटोकडे बघितलं आणि हळू काहीतरी म्हणाली. हळू बोललेलं मला ऐकू येत नाही, म्हणून तिला मोठ्याने म्हणावं लागलं, "दादा, वहिनीचा जीव अडकलाय!" शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

"अडकायला टीव्हीच सापडला होय?" मी म्हटलं.

"तिची मालिका लागली की जातं. बघ तूच."

फोटो टीव्हीच्या बरोबर वर होता. तेराव्याच्या दिवशी बहिणीनेच सांगितलं होतं, गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीलाच लागतो. जावई ड्रिलवाल्याला बोलवत होता. मी म्हटलं, माझ्या बायकोच्या फोटोला खिळा मी नाही मारणार तर कोण मारणार? चार इंची खिळा घेतला. तीन ठोके. हात अजून शाबूत आहे.

बहिणीला हसलो, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. दुधाच्या कॅलेंडरवर मी चित्र जाईल त्या दिवशी पेन्सिलीने फुली मारायला लागलो. दोन आठवडे झाल्यावर बघितलं, तर फुल्या सोमवारी, गुरुवारी, शनिवारी. दुसऱ्या कुठल्याच दिवशी नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार मी संध्याकाळी मंडईतून फोटोला हार आणायचो.

हाराचंही सांगितलं पाहिजे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एकदा गजरा मागितला होता. मी म्हटलं होतं, "फुलं काय खायची आहेत?" तिने पुन्हा कधी मागितला नाही, मी आणला नाही. आणि आता मी आठवड्यातून तीनदा फुलवालीकडचा सगळ्यांत जाड हार आणत होतो. शेवंतीचा, पाणी मारलेला, पिशवीतून ठिबकणारा. कोणाला दाखवत होतो कोण जाणे.

म्हणजे मी हार घातला की ती चित्र घालवते? रागावली आहे? तो आठवडाभर मी हार आणला नाही. टीव्ही एकदाही अडला नाही. मी मालिका बघतच नव्हतो, फोटोकडे बघत बसायचो. एका संध्याकाळी शेवटी विचारलं, "काय गं, नको आहेत का माझी फुलं?"

पुढच्या सोमवारी मुद्दाम आणला, तसाच जाड, ओला. टीव्ही लावून ठेवला, स्टुलावर चढलो, हार घातला. मागे वळतोय तोच पडदा निळा. तोल गेला म्हणून फोटोची चौकट धरली. ती थोडी वर उचलली गेली आणि चित्र आलं.

हात सोडला. गेलं.

उचलली. आलं.

मग मी फोटो काढून खाली ठेवला आणि खिळ्यावर अंगठा दाबला. चित्र गेलं. अंगठा काढला, आलं. आठ-दहा वेळा केलं. तसाच खाली उतरलो, स्टुलावर बसलो. ती नव्हती. खिळा होता. एवढी भीती वाटली होती, ती गेली तर हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. निदान रागावलेली तरी होती, असं आठवडाभर वाटत होतं.

पक्कड घेऊन खिळा उपटला. टोकाला लालसर चमक. तांबं मला कोणी शिकवायला नको. जुन्या टीव्हीची वायर खिडकीतून यायची. नवा लावणाऱ्याने बिल्डरने भिंतीच्या आत टाकलेली वायर वापरली होती, आणि मी खिळा मारला होता तो नेमका तिच्यात. ओल्या हाराचा भार आला की खिळा वाकायचा, वायरीच्या पोटात टेकायचा. फुलं सकाळपर्यंत सुकून हलकी झाली की चित्र परत. म्हणून ते दोन्ही शहाणे आले तेव्हा सगळं ठीक.

केबलवाल्याला पुन्हा बोलावलं. खिळा हातात घेऊन तो हसायला लागला. "एवढा कशाला, काका? फोटो लावायचा होता का म्हैस बांधायची होती?" मग म्हणाला, "भिंतीबाहेरून नवी वायर टाकतो. पण दिसेल हां."

"दिसू दे. दिसत नव्हती म्हणून तर झालं हे."

फोटो आता टीव्हीशेजारच्या बुटक्या कपाटावर ठेवला आहे, भिंतीला टेकवून. भिंत तीच, बहिणीची तक्रार नाही. पण तिथे जाड हार राहत नाही, घसरतो आणि सगळं पाणी खालच्या सेटटॉप बॉक्सवर. गुरुवारी मंडईत गेलो. फुलवालीने नेहमीचा हार काढून ठेवला होता. मी हार देवाला नेतो असं तिला वाटायचं.

"हार नको," मी म्हटलं. "गजरा दे."

तिने मान वर केली. "केवढा देऊ, बाबा? केस लांब आहेत का आखूड?"

शेवटी शेवटी औषधांनी हिच्या डोक्यावर एक केस राहिला नव्हता. मागे माणसं खोळंबली होती.

"कमरेपर्यंत," मी म्हटलं.

"मग भरगच्च देते."

साडेसातला टीव्ही लावला. चित्र गेलं नाही. तरी सवयीने मी दोनदा उठलो, एकदा चपलेत पायही घातला, परत येऊन बसलो. पडद्यावर सासू सुनेला काहीतरी सांगत होती, आणि नजर चोरत होती.

"खोटं बोलतेय," मी म्हटलं. कान गेलेला माणूस, मोठ्यानेच बोलतो.