आक्काबाईच्या बशीचा कप

एकट्या बाईच्या घरात कप किती असावेत? लोक म्हणतील, दोन. एक तिचा, एक आल्यागेल्याचा. चांगुणाबाई साळव्यांच्या इंदिरानगरातल्या दोन खोल्यांत मात्र काचेचं भलं मोठं कपाट होतं. त्यात विलायती कपबशा, गुलाब रंगवलेली किटली, निळी फ्रेंच फुलदाणी आणि चिनीमातीची एक नाकेली मेंढपाळीण असा सगळा थाट मांडलेला होता. बाई नाशिकरोडच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, याची कारणं बाईंपेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त ठाऊक होती. "पोर ना बाळ, आणि ही जुनी भांडी कुणाला दाखवायची?" असं शाळेत बोललं जायचं. लोकांच्या जिभेला हाड नसतं. बाई ऐकून घ्यायच्या आणि रविवार आला की देवळाली कॅम्पाची बस धरायच्या.

हौसेला मोल नसतं हे खरं, पण ही नुसती हौस नव्हती. बाईंची आई आक्काबाई कॅम्पात एका गोऱ्या मेजरच्या बंगल्यावर आया होती. मडमेच्या शोकेसमधली एकेक वस्तू मऊ फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवायची, हे तिचं काम. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक टवका उडाला नाही. तिचा स्वतःचा चहा मात्र मागच्या दारी, पत्र्याच्या टमरेलात. साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा मडमेने सामान बांधता बांधता एक बशी तिच्या हातावर ठेवली. निळ्या फुलांची, सोनेरी काठाची, नुसती बशी. तिचा कप कधीच फुटला होता, आणि बिनकपाची बशी बोटीवरून न्यायची कशाला? मोठ्या लोकांची दानत ही अशी. आक्काबाईने ती ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपली. एकाहत्तर साली अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा बशी हातात घेऊन लेकीला म्हणाली, "हिच्यावरचा कप कसा आसंल गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बाई कॅम्पातल्या बोमनशेटच्या दुकानात गेल्या. रिकाम्या होणाऱ्या बंगल्यांतलं सामान शेवटी याच म्हाताऱ्याकडे यायचं. पहिल्या दिवशी त्याने बाईंकडे बघून स्टीलची भांडी पुढच्या चौकात मिळतात म्हणून सांगितलं. बाईंनी पिशवीतून बशी काढली. बोमनशेटने ती उलटी केली, बुडावर कारखान्याची खूण म्हणून काढलेल्या दोन निळ्या तलवारी पाहिल्या आणि उठून स्टूल पुसून पुढे केलं. पुढे त्यानेच शिकवलं: कप उजेडात धरला की पलीकडच्या बोटाची सावली दिसली पाहिजे, नखाने टिचकी मारली की आवाज रेंगाळला पाहिजे. बशीचा कप काही मिळेना. पण शोधता शोधता दुसरं काही नजरेत भरायचं, आणि बाई ते दोन्ही हातांनी छातीशी धरून बसमधून आणायच्या. असं करत कपाट भरलं.

भरलं, पण त्यातल्या कपांना ओठ काही लागले नाहीत. शेजारच्या सिंधुबाई मैत्रिणींना घेऊन कपाट बघायला यायच्या, "अगं बाई, किती नाजूक!" म्हणायच्या. चहाचं आधण ठेवलं की मात्र त्यांचं ठरलेलं, "आत्ताच घेऊन आले हो." सिंधुबाई दिवसातून कितीदा आत्ताच चहा घेत असतील, देव जाणे. आडनाव कळल्यापासून त्यांचं पोट साळव्यांच्या घरी कायम भरलेलंच असायचं. बाई भांडल्या नाहीत. पण त्या गेल्यावर आधणातला जास्तीचा चहा मोरीत ओतताना त्यांना दर वेळी फार एकटं वाटायचं.

चौऱ्याऐंशी साली बोमनशेटने स्वतः निरोप धाडला. टेबलावर एक कप होता, निळ्या फुलांचा, सोनेरी काठाचा, बुडाला त्याच तलवारी. काठाला केसासारखी चीर होती आणि कान मुळी नव्हताच.

"कान तुटला नाय, बाई," बोमनशेट म्हणाला. "बनवलाच नाय. दोनशे वरस आगोदरचा माल. तवा गोरे लोक पण चिन्यासारखे वाटीतून चाय पीत."

बशीवर तो कप अलगद बसला. इतकी वर्षं बाई कानवाला कप शोधत होत्या, म्हणून सापडत नव्हता. त्या बोमनशेटच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, ढसाढसा रडल्या. आणि त्यांनी मनाशी ठरवलं, यातला पहिला चहा आपण प्यायचा नाही. आपलं म्हणून जे माणूस घरात येईल, त्याला द्यायचा.

ते माणूस दोन वर्षांनी येईलसं दिसू लागलं. पुंजाराम पगारे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. बायको वारलेली, मुलगा परळीला नोकरीवर. विहारात रविवारी वंदना झाली की दोघं पायरीवर बसून बोलायची. माणूस मोजकं बोलायचा, पण ऐकायचा मनापासून. विहारात बाईंच्या सोबत येणाऱ्या यशोदाबाईंनी दोघांच्याही कानावर घातलं, "दोन एकटे जीव कशाला दोन चुली पेटवता?" बाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या, तरी लाजल्या. पुंजाराम म्हणाले, "येतो एकदा घरी. च्या घेऊ, मग बोलू."

आले, इस्त्रीचा शर्ट घालून, रुमालात पेरू बांधून. कपाटाकडे पाहून हसले, "लय भारी हाय तुमचं." बाईंनी आधण ठेवलं. त्यांनी आईच्या बशीवर तो कप ठेवून पुंजारामांना चहा दिला, आणि स्वतः सोनेरी कानाचा साधा विलायती कप घेतला.

पुंजारामांचं हसू मावळलं. त्यांनी कपाकडे पाहिलं, काठाच्या चिरेकडे पाहिलं, मग बाईंच्या हातातल्या कपाकडे.

"ह्याला कान नाय," ते हळू म्हणाले.

"जुना आहे ना, म्हणून," बाई कौतुकाने म्हणाल्या. सगळी गोष्ट त्यांना नंतर, निवांत सांगायची होती.

पुंजारामांनी पेरू टेबलावर काढून त्याच रुमालाने कप धरला. गरम चहा न थांबता पिऊन टाकला. उठले, कप घेऊन बाहेरच्या नळावर गेले, तो विसळला आणि दाराबाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातला.

"अहो, हे काय करता?"

"आमच्या गावात हॉटेलच्या कुडाला आसाच कप टांगलेला असायचा. कान तुटलेला, चीर गेलेला. आमच्या लोकांसाठी. पिऊन झाला का आपनच इसळून ठेवायचा."

चांगुणाबाई कॅम्पात वाढल्या होत्या. असल्या कपाबद्दल सभांमधून ऐकलं होतं, हातात कधी आला नव्हता. त्यांना धरणी दुभंगावी असं झालं. "अहो, माझ्या घरातली ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे! तुमच्यासाठी राखून ठेवली होती. माझ्या आईची बशी..."

पुंजारामांनी सगळं ऐकून घेतलं. बाई खोटं बोलत नाहीत, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"आसंल, बाई. मला पटतंय," ते म्हणाले. "पन माझ्या हाताला नाय पटत." मग चपला घातल्या, "जय भीम" म्हणाले आणि गेले. पेरू टेबलावर राहिले, आणि आक्काबाईची बशी पुन्हा बिनकपाची.

रविवारी विहारात ते भेटले, नमस्कार केला, पण पायरीवर बसले नाहीत. दिवाळीआधी बदली मागून मुलाकडे परळीला गेले, असं यशोदाबाईंनी सांगितलं.

तो कप बाईंनी कपाटात परत ठेवलाच नाही. शाळेतून आल्या की त्यातच चहा ओतायच्या, पदराने धरून कट्ट्यावर बसून प्यायच्या, विसळून तिथेच पालथा घालायच्या. एकदा सिंधुबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. इतकी वर्षं कपाट पाहिलं होतं, पण त्यातला एकही कप त्यांनी इतका निरखून पाहिला नव्हता. असला कप दाराबाहेर का असतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"हा कप बाहेर कुणासाठी ठेवलाय हो?"

"माझ्यासाठी," चांगुणाबाई म्हणाल्या. "चहा घेणार का?"

सिंधुबाई आत्ताच घेऊन आल्या होत्या.