क्रोशाचं कव्हर

समर्थनगरातल्या श्रीधरपंतांच्या घरात कुठलीही वस्तू सुखानं मरू शकत नाही. लग्नातला मिक्सर अजून चटणी वाटतो. त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी आता कुठंच मिळणार नाही असं कळल्यावर ते इरेलाच पेटले.

बॅटरी टिकवायची होती ती बायकोसाठी, कालिंदीबाईंसाठी. त्या दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. फोनवरचा इवलासा चेहरा त्यांना दिसत नाही. मृण्मयी, त्यांची लेक, कॅनडातून रोज लॅपटॉपवर दिसली की त्यांना दिवस उजाडल्यासारखं होतं. पलंगाजवळच्या एकुलत्या एका सॉकेटवर हवेच्या गादीचा पंप चालतो, आणि एक्स्टेन्शनच्या वायरीत पाय अडकून पडल्यापासून पंतांनी तिचं नाव टाकलेलं. म्हणजे सगळी भिस्त बॅटरीवर. ती मात्र हल्ली लेकीचं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नव्हती. काळ्या स्क्रीनकडे बघत राहिलेल्या बायकोकडे पंतांना बघवत नसे.

त्यांनी स्क्रीनचा उजेड कमी केला. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवू लागले. लॅपटॉप गादीवरून पाटावर आणला. तरी बॅटरी दिवसेंदिवस खंगतच चालली.

एकदा बोलता बोलता मृण्मयीला कॅमेऱ्यावर वरून लोंबणारी क्रोशाची झालर दिसली. चार्जिंगला लावतानाही हे घालता का, तिनं विचारलं. पंतांनी मान डोलावली. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, या घरात उघडं असं काही नसतंच. सगळ्यांना कालिंदीबाईंच्या हातची कव्हरं. लॅपटॉपचं तर त्यांनी शेवटचं विणलेलं, बोटं चालेनाशी होण्याआधी. मे महिन्याच्या दुपारी पंत ते बटणं लावून चढवायचे आणि आत बिचारी बॅटरी उकडून निघायची. झाकू नका बाबा, वारा लागू द्या, मृण्मयी म्हणाली.

फोन संपल्यावर पंतांनी कव्हर काढलं खरं, पण ते हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

"काढलंत ते बरं केलंत," कालिंदीबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मलाही थोडा वारा लागू द्या की हो."

पंतांनी खोलीभर पाहिलं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, तिच्या गळ्यापर्यंत चादर. हिला कसला संसर्ग नको, म्हणून तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना ते बाहेरच चहा पाजून वाटेला लावत आले होते. त्यांनी चादर खाली सारली, खिडकी उघडली आणि त्या मैत्रिणींपैकी औरंगपुऱ्यातल्या चतुराबाईंना फोन लावला.

"उद्या या," ते म्हणाले. "आत, तिच्याजवळ बसायला या."