दूत परत, कारकून खुर्चीत

बिन्यामिन घोसाळकर, म्हणजे आमचे बिन्नाकाका, कोणावरही विश्वास ठेवत नसत आणि त्याबद्दल त्यांना कारखाना पगार देत असे. अंबरनाथच्या कारखान्यात ते मापं तपासायचे. हातात दुतोंडी गेज. एक तोंड भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही लावल्याशिवाय माल पास नाही.

हीच सवय घरी यायची. बदलापूरच्या इंदुबाईने दूध आणलं की काका भांडं उजेडाकडे धरून नाकातून बोलायचे, “हंऽऽ... वरून तर दूध दिसतंय. आता दुसरं तोंड लावून बघू.”

“लावा ना तोंड! पिऊन बघा नि सांगा!” इंदुबाई फिसकन हसायची.

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. वाडवडील अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैलालाही सुट्टी द्यायचे. धाकटा भाऊ शिमशोन पन्नास साली बायकोमुलांना घेऊन इस्राएलला गेला, बीरशेबाला. काकांना त्याने बोट सुटायच्या दोन दिवस आधी सांगितलं. “म्हणजे तिकीट काढताना मी मेलो होतो?” एवढं विचारून काकांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. सहा वर्षांत स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली नाही. पत्रं लिहायच्या लेयाकाकू. काका त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून छताला सांगायचे, “अंडी मिळतात का, विचार. मी विचारलं म्हणून लिहू नकोस.”

छप्पन सालच्या ऑक्टोबरअखेर तिकडे लढाई पेटली, सुवेझ बंद पडला. शिमशोनचं शेवटचं पत्र दसऱ्याच्या सुमाराचं. त्यानंतर काही नाही. काका तीन-तीन वर्तमानपत्रं घेऊ लागले आणि तिन्ही शेजारी शेजारी पसरून तपासू लागले. “ह्याच्यात साठ रणगाडे, त्याच्यात चाळीस. वीस कुठे गेले?”

नोव्हेंबर संपता संपता बातमी आली. तुर्कस्तानने इस्राएलमधला आपला दूत माघारी बोलावला. पॅलेस्टाइनचा प्रश्न सुटेपर्यंत तो परत जायचा नाही.

काकांचा चहा तसाच राहिला.

“तुर्काला काहीतरी कळलंय. त्याशिवाय माणूस काढून घेईल? बीरशेबावर काहीतरी येतंय!”

निर्वासितांच्या कॅम्प तीनमधला सिंधी कापडवाला होतचंद गठ्ठा घेऊन ओटीवर बसला होता. तो म्हणाला, “अरे साईं, तुर्क को कुछ पता नहीं. वो बगदादवाले करार में पाकिस्तान के साथ बैठा है. सब अरब नाराज, तो उनको दिखाने का माल है ये. ऊपर रेशम, अंदर सूत.”

“सत्तेचाळीसला पॅलेस्टाइनच्या वाटणीविरुद्ध मत दिलं,” काका बोटांवर मोजू लागले. “एकोणपन्नासला त्याच इस्राएलला मान्यता. मुसलमान देशांत पहिला! आता दूत परत. यातलं खरं तोंड कुठलं?”

“मेरे को इतना बोलो,” होतचंद म्हणाला, “वो अरब लोग घर छोड के तंबू में बैठे हैं, मैं बराक में बैठा हूँ. दूत वापस गया तो उनमें से एक को भी घर की चाबी मिली?”

काकांनी पुन्हा वर्तमानपत्र पुढे ओढलं. हे माप त्यांच्याकडे नव्हतं.

लेयाकाकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, “पण वकिलात बंद नाही ना केली? खाली लिहिलंय, कारकून ठेवलाय कामाला.”

“तीच तर लबाडी! जायचं तर जा, राहायचं तर राहा. साहेब घरी आणि कारकून खुर्चीत!”

“अगंबाई,” काकू म्हणाल्या, “मग आपल्या घरी सहा वर्षं काय चाललंय? साहेबांनी तोंड फिरवलंय आणि खुर्चीत मी. भावजींनी काय समजायचं, भाऊ आहे की नाही?”

होतचंद हसायला लागला, मग काकांकडे बघून गठ्ठा बांधायला लागला.

काकांनी तिन्ही वर्तमानपत्रं घडी करून ठेवली. मग हवाई पत्र मागितलं आणि स्वतः लिहिलं: “शिमशोन, जिवंत असलास तर ताबडतोब कळव. मी विचारतोय. तुझा भाऊ बिन्यामिन.” पोस्टात जाऊन पेटीत टाकलं, वर पेटीला दोन थापडा मारून कान लावला. काकूंनी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे ज्यूंच्या संकटात धावणाऱ्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला.

जानेवारीत उत्तर आलं. शिमशोनचंच अक्षर, पण पत्र काकूंच्या नावे. काकूंनी मोठ्याने वाचलं:

“वहिनी, आम्ही सगळे सुखरूप आहोत. पण भाऊच्या नावाने ते पत्र कोणी लिहिलं? अक्षर त्याचं वाटतं, पण भाऊ मला लिहिणार नाही. काहीतरी लपवताय का? तो बरा आहे ना? त्याला विचारा, आपल्या घाण्याच्या बैलाचं नाव काय होतं. कळवाल तर विश्वास बसेल.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

“माझाच भाऊ,” एवढंच म्हणाले आणि नाक शिंकरायला मोरीत गेले.

मलिदा त्याच संध्याकाळी झाला. गूळ-खोबऱ्यातले पोहे आम्ही सगळ्यांनी खाल्ले, होतचंदनेही. काका मात्र कोपऱ्यात उत्तर लिहीत बसले होते. काकू मागून डोकावल्या आणि ओरडल्या, “अहो, पवळ्या काय लिहिताय? बैलाचं नाव ढवळ्या होतं ना?”

“गप,” काका कुजबुजले. “मुद्दाम चुकीचं लिहिलंय. खरा शिमशोन असेल तर पकडेल.”