मुलाखतीला नेलेला डबा

पालकांनी आत यायचं नाही, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. खाऊबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. म्हणून मी नारळाच्या वड्यांचा डबा लेकीच्या बॅगेत गुपचूप सरकवला. कुणाला पहिल्यांदा भेटायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, आमच्याकडे असंच आहे.

लेकीला अमेरिकेतल्या ज्या कॉलेजात जायचं होतं, तिथंच शिकलेला एक बहरीनी गृहस्थ तिला इथं बहरीनमध्येच, जुफैरच्या कॅफेत भेटणार होता. मग तो तिच्याबद्दल कॉलेजला कळवणार. मार्क, निबंध सगळं जाऊन पोचलं होतं; आता मदार या माणसावर. मी तर देव पाण्यात घालून बसले होते. रिफातल्या घरून येताना "सरळ बस, पाणी पी, हळू बोल" असा माझा पट्टा चालूच होता.

"आई, खलास! बास आता!" ती शेवटी ओरडली.

नेमकी कॅफेच्या काचेसमोरच पार्किंगला जागा मिळाली. ती आत गेली आणि मी एसी लावून गाडीत थांबले. तो सुटाबुटातला, साधारण माझ्याच वयाचा. ती हात हलवून काही सांगत होती, तो मान डोलवत होता. जरा जीव भांड्यात पडतोय, तोच तिनं कागद काढायला बॅग उघडली. कागदांबरोबर डबाही आला, झाकण उडालं आणि वड्या टेबलभर झाल्या.

तिनं काचेतून थेट माझ्याकडे पाहिलं. पाठोपाठ त्यानंही. मी उगाच आरसा नीट करायला लागले.

ही लाच वाटली तर? पोरीनं वर्षभर जिवाचं रान केलं आणि मी वड्यांपायी त्याची माती केली! स्वतःचा राग आला आणि असले नियम करणाऱ्यांचाही. आत त्यानं वड्या गोळा करायला तिला मदत केली, पण डबा तिच्याकडेच सरकवला.

ती बाहेर आली, डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि सीटबेल्ट लावला.

"चिडला का गं?"

"नाही. गिफ्ट घेता येत नाही म्हणाला. मग विचारलं, एवढ्या लांब एकटी मॅनेज करशील?"

"तू काय म्हणालीस?"

"आय सेड, आय विल. माय मदर वोन्ट."

"हसला?"

"नो. ही रोट इट डाउन."

त्यानं चांगलं लिहिलं असेल, तर ही खरंच जाणार होती. गाडी चालूच होती, पण मला ती काढता येईना.