शेजारचं कुरण

गवत मोजणे हा माझा आयुष्यभराचा धंदा. ऐकणारा हसतो, मी हसू देतो. पण या धंद्यात माझा जम बसला तो गवताच्या प्रेमाने नव्हे, तर शेजाऱ्याच्या हेव्याने. आता म्हातारपणी हे सांगून टाकायला हरकत नाही.

सोलापूरबाहेरच्या मुरमाड माळावर शेतकी खात्याने दोन कुरणं राखली होती. एक माझ्याकडे, दुसरं माझ्या सहकाऱ्याकडे. दोघेही नुकतेच शिकून आलेलो, दोघेही हंगामी. दोन वर्षांनी एकालाच कायम करणार, हे मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काम असं, की यार्डभर लांबरुंद लाकडी चौकट गवतावर टाकायची आणि गुडघे टेकून आतलं एकेक ठोंब मोजायचं. मारवेल हे गवत जनावरं आवडीने खातात. कुसळी त्यांच्या तोंडाला टोचते. मारवेल वाढली तर कुरण सुधारलं, कुसळी वाढली तर बिघडलं.

पहिल्याच वर्षी त्याची मारवेल माझ्यापेक्षा सरस निघाली. माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याचं अक्षर सुरेख, साहेब त्यालाच चहाला बोलावणार. त्याच्या डब्यातली शेंगाचटणीसुद्धा माझ्या चटणीपेक्षा खमंग. आणि तो ती मला आग्रहाने वाढायचा, त्याचा तर आणखीच राग यायचा.

दुसऱ्या वर्षी चैत्रात तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला. माळावर एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उतरला होता. मी त्याला गाठलं.

"मामा, पलीकडच्या कुरणाचं कुंपण एका जागी काढून देतो. मेंढरं आत सोडा."

"त्या दुसऱ्या सायबांच्या? ते काय म्हनतील?"

"ते गावाला गेलेत. मी सांगतोय ना."

"मग बसवतो की आठ दीस. हितं लई वर्सं शिरू दिलं न्हाय कुनी."

बोराटीचे काटे मी स्वतःच्या हाताने ओढून काढले, हात रक्ताळले. शेतात खतासाठी मेंढरं बसवतात हे मला ठाऊक होतं. पण कुरणात मेंढरू शिरलं की गवताचा सत्यानाश, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मी त्याच भरवशावर होतो.

सहकारी परत आला. कुंपण मी पुन्हा लावलं होतं, पण आत लेंड्यांचा सडा होता आणि वाळकं गवत बुडापर्यंत खाल्लेलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो कुरणात फिरला, धनगराच्या पालाकडे जाऊन आला आणि काहीच बोलला नाही. स्वतःचा हलगर्जीपणा लपवतोय, असं मी धरून चाललो आणि मनातून खूश झालो.

श्रावणात चौकट टाकली आणि मी हबकलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! त्याच्या कुरणात मारवेल पोटरीला लागत होती. कुसळी शोधावी लागत होती. माझं जपून राखलेलं कुरण मात्र जुन्या वाळक्या काडाखाली गुदमरून पिवळं पडलेलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

साहेब पाहणीला आले. त्याच्या कुरणात उभे राहून त्यांनी विचारलं, "हे कशानं झालं?"

तो खाली बघत म्हणाला, "कारण सांगता येत नाही, साहेब."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मी ती पाहिली आणि पुढे सरसावलो. म्हटलं, "साहेब, मला एक शंका येते. उन्हाळ्यात थोडे दिवस मेंढरं बसवली, तर जुनं काड निघून जाईल, खत पडेल, आणि मारवेलीला जोर येईल. करून पाहावं का?"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. महिन्याभरात मी कायम झालो. पुढे माझं नाव झालं ते याच प्रयोगावर.

सहकारी नोकरी संपून गावी निघाला, त्याला सोडायला मी स्टेशनवर गेलो, लोकलाजेस्तव. गाडीत बसण्यापूर्वी त्याने आपली चौकट माझ्या हातात दिली.

"तुम्हालाच उपयोगी पडेल," तो म्हणाला. "आणि एक करा. त्या म्हाताऱ्याला कुरणाची बंदी करू नका. त्याने मला चैत्रातच सगळं सांगितलं होतं, कुंपण तुम्हीच उघडून दिलंत, हेही."

मी विचारलं, "मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तुमची नोकरी गेली असती," तो म्हणाला, आणि डब्यात चढून त्याने मला खिडकीतून शेंगाचटणीची पुडी दिली.

गाडी हलली. त्याच्या मारवेलीचा, अक्षराचा, साहेबांच्या चहाचा, कशाकशाचा मी हेवा केला होता. पण त्या फलाटावर मला त्याचा जितका हेवा वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता. चटणी मी घरी नेली नाही.