आसगावचा मॅनेजर, आर्कान्साचा तारेलाल

आसगावात अंकुशला सगळे 'बहरीनचा मॅनेजर' म्हणत. हे नाव त्यानं स्वतः लावून घेतलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा भय्याजींनी आपल्या चहाच्या टपरीवर त्याला विचारलं, "तिकडं काय काम करतेस बे?" आणि तो म्हणाला, "बास्केटबॉलच्या क्लबात सारं मीच सांभाळतो." बाकीचं गावानं केलं. तसं ते खोटंही नव्हतं. खेळाडू घसरून पडला की पोछा घेऊन धावायचं आणि फरशीवरचा घाम पुसायचा, चेंडूंत हवा भरायची, टॉवेल धुवायला टाकायचे, हे सारं खरोखर तोच सांभाळायचा.

त्या क्लबात दर हंगामाला अमेरिकेहून दोन खेळाडू आणत. विमानतळावर गुच्छ, हॉलच्या भिंतीवर माणसाहून मोठे फोटो. लागोपाठ चार सामने हरले की फोटो उतरत आणि दुसरे दोघे येत. फोटो उतरवायचं कामही अंकुशचंच. त्याला मात्र इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता. पोछा मारणारा सामना हरू शकत नाही.

अशाच एका हंगामात टेरेल आला. आर्कान्सा नावाच्या राज्यातल्या एका लहान गावचा, उंच, काळा, मवाळ बोलणारा. कॉलेजात चांगला खेळायचा, पण अमेरिकेतल्या मोठ्या लीगचं दार काही उघडलं नाही. मग फिनलंडमधला दुसऱ्या फळीतला क्लब, मग कोसोवो, मग मंगोलिया, आणि आता बहरीन. जाईल त्या देशात तो 'अमेरिकेचा मोठा खेळाडू' असे. अमेरिकेत मात्र त्याला खेळाडू म्हणून ओळखणारी माणसं म्हणजे त्याची आई आणि आईच्या चर्चमधली मंडळी.

सराव संपला की तो गुडघ्यावर बर्फ ठेवून बाकावर बसून राही. एकदा अंकुश शेजारी डबा खात होता. टेरेलनं भाताकडं बघून विचारलं, "घरी पिकवता?" त्याच्या गावाभोवती धानाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि त्याचा आजा आयुष्यभर दुसऱ्याच्या धानात राबला होता. अंकुशचा आजाही तसाच राबलेला. त्या दिवशी दोघं तोडक्यामोडक्या इंग्रजीत करपा, तुडतुडा अशा धानाच्या रोगा-किडींवर इतकं बोलले, की हॉल बंद करणारा पहारेकरी वैतागला.

जानेवारीत क्लब हरू लागला. टेरेलचा गुडघा सुजला आणि मालकांनी त्याला फोनवर कळवलं, की आता येऊ नकोस. त्याचा फोटो अंकुशनं जरा हळूच उतरवला.

"घरी जाशील?" त्यानं विचारलं.

"कसा जाऊ? हंगाम एप्रिलपर्यंत आहे. आई विचारेल, मध्येच कसा आलास."

हे अंकुशला समजावून सांगायची गरज नव्हती. आखातातून मुदतीआधी परतलेल्या माणसाकडं गाव कसं पाहतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची स्वतःची सुट्टी त्याच आठवड्यात लागत होती. चहाच्या वेळी समोर असलेल्याला 'घ्या चहा' म्हणावं, तसं तो म्हणाला, "माझ्या गावी चल." टेरेलनं लगेच मोबाइलवर व्हिसा काढला.

आसगावात दोघं उतरले तेव्हा अर्धी वस्ती जमली. भय्याजींनी टेरेलला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तेवढं वर जायला वेळ लागला.

"हा त आपल्याच रंगाचा हाय! अमेरिकेचे लोक गोरे असतेत ना बे?"

तेवढ्यात टेरेलनं, विमानात शिकवल्याप्रमाणे, हात जोडून मोठ्यानं 'जय भीम' केला. वस्तीच्या सगळ्या शंका मिटल्या आणि टेरेलचा त्याच दिवशी तारेलाल झाला. अंकुशची आई बायजाबाई आधी दाराच्या चौकटीकडं, मग पाहुण्याकडं पाहत म्हणाली, "डोकं सांभाळजो, बाबू." तो लंगडतो हे फक्त तिला दिसलं. संध्याकाळी तिनं तेल गरम केलं आणि न विचारता गुडघा चोळायला बसली.

"म्याचेस सोडून इकडं काहून आला?" भय्याजींनी दुसऱ्या दिवशी विचारलंच.

"क्लबनं आराम कराले पाठवलं," अंकुश म्हणाला. "लय मोठा प्लेअर हाय तो."

आपल्याबद्दल काय सांगितलं, हे टेरेलनं नंतर विचारून घेतलं. परत टपरीवर गेले तेव्हा त्यानं अंकुशच्या खांद्यावर हात ठेवला आणि भय्याजींना म्हणाला, "बॉस. क्लबमध्ये हा बॉस." बॉसचं मराठी कुणालाच करावं लागलं नाही.

सगळं छान चाललं होतं. उन्हाळी धानाची रोवणी सुरू होती. चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बायांकडं टेरेल बांधावर उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडं विमानानं पेरतात."

अंकुशनं ते लोकांना सांगितलं खरं, पण सांगतानाच त्याला वाटलं, की हे जरा जास्त झालं. बाया कमरेवर हात ठेवून हसू लागल्या.

"इमानानं?" भय्याजी म्हणाले. "मंग कापाले का रेल्वे येते?"

झालं. तारेलाल फेकतो, हे सांजपर्यंत साऱ्या गावात झालं. घरी परतताना अंकुशनं त्याला समजावलं, "गड्या, विमानाचं कशाला सांगितलंस? बाकी सगळं जमलं होतं."

टेरेल जागीच थांबला. "बाकी सगळं खोटं होतं. तेवढंच खरं होतं." अंकुशला त्या क्षणी फार लाज वाटली. पण विमानावर विश्वास मात्र बसेना.

आठवडाभरात टेरेलच्या एजंटचा फोन आला. कंबोडियातल्या एका क्लबला तातडीनं अमेरिकेचा मोठा खेळाडू हवा होता. बायजाबाईनं तेलाची बाटली बांधून दिली. तो नागपूरहून गेला, एक हंगाम खेळला आणि गुडघ्यानं पुरता हात टेकल्यावर आपल्या गावी परतला. आता शाळेतल्या पोरांना खेळ शिकवतो.

इकडं अंकुशला जवळच्या पवनीहून स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील मधुकरराव यांनी आसगावात चौकशी केली होती. मुलगा बॉस आहे, असं खुद्द अमेरिकेचा माणूस सांगून गेला, यापुढं त्यांना काही विचारायचं नव्हतं. मुलगी खुशबू पवनीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दोघांना बोलायला अंगणात बसवलं, तेव्हा अंकुशच्यानं राहवलं नाही.

"एक सांगतो. मी मॅनेजर नाई. पोछा मारतो."

खुशबू म्हणाली, "पण तो तारेलाल त बॉस म्हणे."

"माह्यासाठी खोटं बोलला तो."

"मी तपासलं होतं," ती चिडून म्हणाली. "बाबानं आसगावची विमानाची गोष्ट सांगितली, त घरी सारे हासून राहिले होते, म्हणून मी मोबाइलवर पाह्यलं. खरंच पेरतेत विमानानं! मंग मले वाटलं, ज्याचं एवढं मोठं खरं निघालं, तो मॅनेजरचं कायले खोटं सांगन?"

अख्ख्या मुलखात टेरेलचं खरं मानणारी ही एकटीच, आणि त्या खऱ्यामुळंच फसलेलीही ही एकटीच.

तिनं विचार करायला वेळ मागितला. पंधरवड्यानं तिचाच फोन आला. "माह्याकडून हो हाय. पण बाबाले काई सांगू नका. ते लय लोकाइले सांगून बसले."

लग्न झालं आणि अंकुश परत हॉलवर गेला. खुशबूचे बहरीनला जायचे कागद अजून व्हायचे आहेत, तोवर ती पवनीत लॅबमध्ये जाते आणि तो रोज संध्याकाळच्या सरावाआधी तिला फोन करतो. मधुकरराव मात्र यंदाच्या उन्हाळ्यापासून जावयाला जनरल मॅनेजर म्हणू लागले आहेत. ही बढती कधी आणि कशी झाली, हे अंकुशनं खुशबूला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.