माझ्यासमोर, मराठीत

तंजावूरच्या ज्या डेंटल कॉलेजात मी दाताच्या शस्त्रक्रियेचं एमडीएस केलं, तिथल्या विभागप्रमुख सरांना आणि त्यांच्या हाताखालच्या मॅडमना प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून दोघं गोड होऊन परतले. त्याआधी सर पेशंटसमोर ट्रे आपटायचे आणि आम्हाला बाहेर काढायचे. आता ते मला दर महिन्याला केबिनमध्ये बोलावून कॉफी पाजू लागले. आधी शिकणाऱ्याला बोलू द्यायचं, मग कौतुक, मग सुधारणा, शेवटी पुन्हा कौतुक, असं त्यांना शिकवलं होतं. ते सगळं इंग्रजीत चाले.

मला एकच गोष्ट हवी होती. शिक्षण संपलं की त्याच विभागात नोकरी. जागा एकच निघणार होती, माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगाही तिच्यावर डोळा ठेवून होता, आणि शिफारस सरांच्या हातात होती.

पहिल्याच बैठकीत सर मला म्हणाले, "यू आर कमिंग अप व्हेरी नाइसली." मग तोच हसरा चेहरा मॅडमकडे वळवून मराठीत म्हणाले, "हात बघ हिचे. दाढ काढते कीं नांगर ओढते? पापनाशमच्या शेतांतच बरी होती."

"पावम, बिचारी आहे, राहूं द्या सर," मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

दोघंही राजवाड्याजवळच्या गल्ल्यांतले मराठी. तंजावुरात ही भाषा घरात बोलायची, आणि बाहेर वापरायची ती चारचौघांत कुणाची तरी चामडी सोलायला. बसमध्ये, साडीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत. समोरच्याला ती कळत नाही यावर यांचा गाढ विश्वास. माझं नाव तमिळ, वडील पापनाशम गावचे तमिळ. आई त्यांच्याच शेजारच्या गल्लीतली, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आई मराठीत बोलायची आणि मी तमिळमध्ये उत्तर द्यायचे. ही लिपीसुद्धा मी नंतर शिकले, निव्वळ हट्टाने.

मी कॉफी संपवली आणि थँक यू म्हटलं. रडू आलं नाही, संताप आला. पण दुसऱ्या दिवशी दाढेखाली ती उचकटायचा एलिव्हेटर घातला तेव्हा लक्षात आलं की मी खरंच खांद्यातून रेटते, मनगट फिरवतच नाही. मेल्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून तसंच चाललं. इंग्रजीत मला आत्मविश्वास वाढवायला सांगत आणि मराठीत एकमेकांना, "सुई टोचली कीं लगेच हत्यार घालते. बधिर तरी होऊं दे कीं! पेशंट ओरडतो, आणि ही घड्याळ बघते." मी थांबायला शिकले. "अय्यो, पेशंटशीं बोलते तें दगडाशीं बोलल्यासारखें." मी नीट बोलायला शिकले. इंग्रजीतलं एक अक्षर कधी उपयोगी पडलं नाही. त्या शिव्यांची मी वाट पाहू लागले होते, याची मला आजही चीड येते.

शेवटच्या बैठकीत सर म्हणाले की विभागाला माझा अभिमान आहे आणि जागेसाठी माझा नक्की विचार होईल. मग मॅडमना म्हणाले, "जागा त्या दुसऱ्याला दिली कीं. हिला आत्तां सांगूं नको. सुटीच्या महिन्यांत वॉर्ड कोण ओढणार?"

"पण हात त्याच्याहून हिचा बरा आहे, सर."

"आहे कीं. म्हणून तर वॉर्ड हिला."

मी कॉफीचा टंबलर खाली ठेवला.

"सर, हें मला तोंडावर सांगा," मी मराठीत म्हणाले. मी ती भाषा पहिल्यांदाच बोलत होते, आणि माझे उच्चार वेडेवाकडे होते.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षभर माझ्यासमोर काय काय बोललो, ते त्या आठवत असाव्यात. सरांचं हसू मात्र जागचं हललं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, शिकवलं होतं तसं थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि अत्यंत मऊ आवाजात इंग्रजीत म्हणाले,

"थँक यू फॉर शेअरिंग. हाउ डिड दॅट मेक यू फील?"